हंडी आत, वीज बाहेर

आमचा युन-काय सक्तीच्या लष्करी नोकरीत जाऊन तीन आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांत त्याने फोनवर जे काही शब्द उच्चारले, त्यांत 'काहीही' हा सगळ्यात लांबलचक होता.

"पालक-भेटीच्या रविवारी तुला खायला काय आणू?" असं त्याच्या आईने विचारलं होतं. तो "काहीही" म्हणाला, मागे कुणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला. युएशियाने, म्हणजे माझ्या बायकोने, फोन खाली ठेवला आणि जाहीर केलं, "त्याला बीफ नूडल्स हव्यात. घरच्या."

"तो 'काहीही' म्हणाला."

"कसं म्हणाला ते ऐकलंस का? 'का'वर जोर होता."

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. दिवसभर लोक मला फोनवर एक सांगतात आणि त्यांना म्हणायचं असतं दुसरंच. पण एका अक्षरावरच्या जोरातून अख्खा रस्सा ओळखणं हे माझ्या खात्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

अडचण एवढीच होती की युएशियाचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता. ती शिकवते त्या शाळेच्या क्रीडा दिनाला शिक्षक विरुद्ध पालक अशी रस्सीखेच झाली, तीत ती सगळ्यात पुढे उभी होती. शिक्षक जिंकले. बाकीचे शिक्षक अजून तो विजय साजरा करतात आणि ती सोफ्यावर पडून असते.

"मग करणार कोण?" मी विचारलं. विचारल्या विचारल्या मला कळलं की घरात पायांवर उभा असलेला माणूस एकच आहे.

मला स्वयंपाक येत नाही असं नाही. मला पाणी उकळता येतं. पण बीफ नूडल्स म्हणजे पायाचं चिवट मांस तासन् तास मंद आचेवर ठेवायचं, फेस काढत राहायचं, आचेकडे डोळे लावून बसायचं. मी दमलेला माणूस आहे. रविवारची सकाळ सोडली तर आठवड्यात मी कुठेही डोळे लावून बसत नाही, आणि तेव्हाही ते मिटलेले असतात.

या संकटातून सोडवायला खालच्या मजल्यावरच्या को ताई धावून आल्या. त्यांनी टीव्हीवरची जाहिरात बघून एक स्लो कुकर घेतला होता आणि तो खोक्यातच होता. स्लो कुकर म्हणजे विजेवर तापणारी एक बैठक आणि तिच्यात बसवलेली चिनी मातीची जाडजूड हंडी. काचेचं झाकण, समोर एक गोल बटण.

"सकाळी सगळं आत टाकायचं, संध्याकाळी बाहेर काढायचं," को ताई म्हणाल्या. "मध्ये काहीही करायचं नाही."

मध्ये काहीही करायचं नाही! लग्न झाल्यापासून माझ्याशी इतकं प्रेमाने कुणी बोललं नव्हतं. मी ती हंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना चढलो.

"फक्त एक," त्या खालून म्हणाल्या, "झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की आतली सगळी वाफ जाते, आणि ती परत जमायला अर्धा तास लागतो."

शनिवारी सकाळी युएशियाने सोफ्यावरून हुकूम सोडले आणि मी ते पाळले. मांस उकळत्या पाण्यातून काढलं, आलं ठेचलं, कांद्याची पात गाठी मारून टाकली, चक्रीफूल, तिरफळं, सोया सॉस, खडीसाखर. ("किती?" "बेताची." "बेताची म्हणजे?" "अरे, बेताची!") झाकण लावलं, बटण फिरवलं आणि वर्तमानपत्र घेऊन बसलो. इतका सुखाचा स्वयंपाक जगात नसेल, असं मला चांगलं वीसएक मिनिटं वाटलं.

मग वास जिन्यात गेला.

आमच्या वरच्या मजल्यावर फान काका राहतात. लष्करातून सार्जंट म्हणून निवृत्त झाले, बालपण लष्करी वसाहतीत गेलं, आणि बीफ नूडल्स हा पदार्थ त्यांच्याच गल्लीत जन्मला असं ते मानतात. त्या गल्लीतल्या कुणाच्या स्वयंपाकघरात हे मात्र दर वेळी बदलतं. ते दार न वाजवता आत आले, सरळ हंडीपाशी गेले आणि झाकण उचललं.

"काका, झाकण!"

"मग वरूनच बघू? क्ष-किरण आहेत का माझ्या डोळ्यांत?" त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं परेडला बूट न घालता आलेल्या शिपायाकडे बघावं. "तिखट चटणी कुठाय?"

"पोराला तिखट सोसत नाही," युएशिया सोफ्यावरून म्हणाली.

"लष्करात आहे ना आता? सोसेल." त्यांनी खिशातून बरणी काढली. आंबवलेल्या घेवड्याची ती लालभडक चटणी त्यांचे कुणी जुने मित्र त्यांना पाठवतात. दोन मोठे चमचे आत पडले. "तू लष्करात काय होतास रे, त्सेंग?"

"टंकलेखक."

"दिसतंय," ते रश्श्याकडे बघत म्हणाले.

ते गेल्यावर को ताई आल्या. आपली हंडी कशी चालते ते बघायला. त्यांनी स्वतःच्या हाताने झाकण उचललं. मी त्यांना त्यांचाच नियम सांगितला, तर म्हणाल्या, "मी उघडलं तर चालतं, मला सवय आहे." आतला लाल रंग बघून त्या हबकल्या. "हे कुणी केलं? पोरगं पहाटे थंडीत उभं राहतं, आणि त्याच्या पोटात आग घालताय?" त्या घाईने खाली जाऊन लाल खजूर आणि कसल्याशा औषधी मुळ्यांचे तुकडे घेऊन आल्या. रक्त वाढवतात म्हणे. झाकण पुन्हा उघडलं.

थोड्या वेळाने फान काका चव बघायला आले. त्यांना खजूर दिसले. "रस्सा आहे का बाळंतिणीचा काढा?" असं ओरडून त्यांनी आणखी एक चमचा चटणी ढकलली. जिन्यातून को ताईंना ऐकू गेलं. त्या आल्या. दोघं माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून मोठमोठ्याने भांडले. भांडण संपेपर्यंत झाकण फान काकांच्या हातात होतं आणि ते हातवारे करत असल्यामुळे मला ते काढूनही घेता येईना.

शेवटी मी एका कागदावर 'झाकण उघडू नये. आज्ञेवरून' असं लिहून तो हंडीवर चिकटवला. आमच्या कार्यालयात असे बरेच कागद मी चिकटवले आहेत आणि त्यांचं पुढे काय होतं हेही मला माहीत आहे. युएशियाने तो वाचायला म्हणून हंडी जवळ आणायला लावली, आणि "जवळ आणलीच आहेस तर जरा वास घेऊ दे" म्हणाली.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली. मी पिशव्या घेऊन खाली उतरलो. अख्खी गल्ली पिशव्या घेऊन उभी होती आणि अख्ख्या गल्लीने मला विचारलं, "मांस शिजलं का?" औषधाच्या दुकानवाल्याने सल्ला दिला की टोमॅटो घाला. मी त्याला आभारी आहे म्हणालो आणि वर येऊन दार घट्ट लावून घेतलं. मग लक्षात आलं की घरात अंधार आहे.

"मी काही केलं नाही," अंधारातून युएशिया म्हणाली.

तिने एवढंच केलं होतं: प्लास्टरच्या आत पाय खाजत होता म्हणून केस वाळवायचं यंत्र लावून आत वारा सोडला होता. त्याच वेळी किटलीही लावली होती. आमच्या इमारतीच्या तारा माझ्याच वयाच्या आहेत. एका वेळी इतक्या अपेक्षा त्यांनाही झेपत नाहीत. घरातलं बटण मी वर-खाली करून बघितलं, काही होईना. मुख्य पेटी तळमजल्यावर, तिला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे, ते गृहस्थ मुलीकडे गावाला गेलेले.

मी वीज कंपनीला फोन केला. गोड आवाजात एका बाईने सांगितलं की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हेच वाक्य आमच्याकडेही आहे. ते लावून आम्ही चहाला जातो. मी फोन ठेवला. फान काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली गेले, कुलपाला हातही न लावता पेटीचं दारच बिजागरीतून काढलं, आणि दिवे आले. पण तोपर्यंत हंडी कोमट झाली होती आणि मांस स्वतःच्या मतावर ठाम होतं. रात्रभर हंडी चालू ठेवू म्हटलं, तर युएशियाला आगीची भीती. तिने वायर काढून ती उशाखाली घेतली.

रविवारी सकाळी उजाडताच पुन्हा बटण फिरवलं आणि गाडीची वेळ होईपर्यंत जेवढं शिजेल तेवढं शिजू दिलं. "छावणीत कुठेतरी प्लगची सोय असेलच," युएशिया म्हणाली. "तिथे लावून अजून थोडा वेळ ठेव." म्हणून बैठकीसकट हंडी न्यायची ठरली. फान काकांनी ती जुन्या दुलईत गुंडाळली, सामानाच्या छोट्या ढकलगाडीवर बसवली आणि दोरीने अशी आवळली की तिला श्वास घेणंही कठीण झालं असेल.

"या गाठी लष्करी आहेत," ते म्हणाले. "विमानातून फेकलीस तरी सुटायची नाही."

नूडल्स वेगळ्या डब्यात उकडून घेतल्या होत्या. वाडगे, खायच्या काड्या, मोहरीच्या पाल्याचं लोणचं, चिरलेली पात पिशवीत. मी माझी बरी पँट घातली होती. मुलाच्या वरिष्ठांसमोर जायचं म्हणून.

लोकल गाडीत गर्दी नव्हती, पण ती लवकरच आणखी कमी झाली. पहिल्या वळणावर दुलईतून एक लाल ओघळ निघाला. मी तो रुमालाने पुसला. दुसऱ्या वळणावर रुमाल संपला. मी ढकलगाडी दोन गुडघ्यांत धरली, तेव्हा उरलेला ओघळ पँटने घेतला. समोर एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी वास घेतला, दुलईकडे पाहिलं आणि विचारलं, "बीफ का?"

मी मान हलवली.

"आमच्या घरात खात नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांचा नांगर ओढायचा तो." आणि काठी टेकत पलीकडच्या डब्यात गेल्या. रागाने नाही, सुतकाच्या घरातून निघावं तशा हळू पावलांनी. इतक्या सभ्यपणे आजवर माझा कुणी अपमान केला नव्हता. उरलेला प्रवास मी उभ्याने केला, म्हणजे पँट वाळेल.

छावणी टेकडीवर होती. दाराशी पालकांची रांग, कडक ऊन आणि एक तरुण कॉर्पोरल. तो युन-कायपेक्षा फार तर दोनेक वर्षांनी मोठा असेल. त्याने दुलईकडे पाहून विचारलं, "आत काय आहे, काका?"

"रस्सा."

"इतका?"

त्याला गाठी सुटेनात. दुसऱ्या शिपायाला बोलावलं. त्यालाही सुटेनात. मागच्या पालकांनी आपापली मतं दिली. शेवटी त्यांनी कात्री आणली. दुलई उघडल्यावर वायर आणि प्लग दिसला, आणि कॉर्पोरलचा चेहरा पडला.

"हे विजेचं उपकरण आहे. विजेची उपकरणं आत नेता येत नाहीत."

"ही हंडी आहे."

"प्लग असलेली हंडी."

मी तक्रार विभागातला माणूस. नियमाशी भांडायचं नसतं, त्याच्या शेजारून वाट काढायची असते, हे मी रोज लोकांना नाइलाजाने शिकवतो. मी दुलईत हात घालून हंडी बैठकीतून वर उचलली. "हे बघा. हंडी आत जाईल, वीज बाहेर राहील."

कॉर्पोरलने विचार केला. आत कुणालातरी फोन केला. फोनवर बराच वेळ "हो सर, रस्सा सर" असं चाललं. मग विजेची बैठक जमा करून घेण्यासाठी एक अर्ज आला, आणि त्यात 'वस्तू आणण्याचे कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'मांस चिवट आहे.' कॉर्पोरलने ते वाचलं, शिक्का मारला, आणि मग नियमाप्रमाणे तपासणी म्हणून झाकण उचललं. वाकून वास घेतला.

"काका, चक्रीफूल जरा जास्त झालंय," तो म्हणाला. "माझी आई दोनच घालते."

आत एका मोठ्या छपराखाली टेबलं मांडली होती आणि बऱ्याच घरांनी तिथे मेजवानी थाटली होती. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी अख्खा भाजलेला हंस, तळलेली कोंबडी आणि बर्फाच्या डब्यात दुधाचा चहा आणला होता. त्यांनी माझ्या पँटकडे पाहिलं आणि मला न विचारता ओला रुमाल दिला.

मग मुलं आली. रांगेत, पाय आपटत, सगळ्यांची डोकी तुळतुळीत, सगळ्यांचे चेहरे उन्हाने करपलेले. मी युन-कायला ओळखलं आणि दोन्ही हात हलवले. त्याने गोंधळून मला सलाम केला. मी पुन्हा हात हलवले. तेव्हा मागून आवाज आला, "बाबा, मी इकडे आहे."

ज्याला इतकी वर्षं रोज शाळेसाठी हलवून उठवलं, तो पोरगा माझ्या पाठीमागे उभा होता आणि मी भलत्याच्याच मुलाला हात हलवत होतो. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी म्हणालो, "माहीत आहे. मी त्याला सहज हात केला."

"आई?"

"रस्सीखेच," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. तो हसला. मग बाकावर बसला, काड्या हातात घेतल्या, आणि मी पिशवीतून वाडगे काढून वर बघतो तो, बसल्या जागी झोपला होता. काड्या तशाच हातात. तोंड किंचित उघडं.

"उठवू नका," शेजारच्या बाई म्हणाल्या. "पहाटेपासून उभं करतात त्यांना."

"उठवा," त्यांचे यजमान म्हणाले. "नाहीतर उपाशी जाईल."

मी दोघांनाही हो म्हणालो. उन्हाची तिरीप त्याच्या तोंडावर येत होती, म्हणून मी माझी टोपी धरून उभा राहिलो. रस्सा गार व्हायला लागला. नूडल्सचा डबा उघडून बघितला तर आतल्या नूडल्स आता नूडल्स राहिल्या नव्हत्या. डब्याच्या आकाराची एक वीट झाली होती.

तेवढ्यात युएशियाचा व्हिडिओ फोन आला.

"दाखव! खातोय का? दाखव ना कसा खातोय!"

तिला झोपलेला दाखवला असता, तर ती प्लास्टरसकट टेकडी चढून आली असती. मी इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या बाईंचा मुलगा आमच्याकडे पाठ करून खाली मान घालून हंसावर तुटून पडला होता. पाठीमागून सगळी डोकी सारखीच. मी फोन तिकडे वळवला.

"बघ," मी कुजबुजलो. "मान वर करत नाहीये."

"अगंबाई," युएशियाचा आवाज भरून आला. "किती भूक लागलीय त्याला! आणि अंगाने भरलाय रे. खांदे बघ. हाक मार त्याला."

"तोंडात घास आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. शेजारच्या बाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी आपल्या मुलाला थोडं डावीकडे सरकवलं. पुन्हा फोन आलाच तर बरा दिसावा म्हणून.

भेटीची वेळ संपायला आल्याची शिट्टी झाली तेव्हा युन-काय दचकून उठला, ताठ उभा राहिला, मला बघितलं आणि पुन्हा बसला. "किती वेळ आहे?"

"थोडाच. गार झालंय. मांसही नीट..."

त्याने वाडगा घेतलाच नाही. विटेचे तुकडे करून सरळ हंडीत टाकले आणि हंडी जवळ ओढून खायला लागला. तिथे त्यांना असंच खायला शिकवतात बहुतेक: पाठ सरळ, डोळे समोर, आवाज नाही. मांस चावायला त्याला कष्ट पडत होते ते मला जबड्यावरून दिसत होतं. खजूर लागला तेव्हा तो क्षणभर थांबला.

"हे काय आहे?"

"को ताई."

"आणि हे तिखट?"

"फान काका."

त्याने मान डोलवली आणि शेवटचा थेंब संपेपर्यंत तो थांबला नाही. कपाळावर घाम, नाक लाल. "कसा झालाय?" असं मी विचारणार होतो, पण तोपर्यंत तो उठला होता. हंडी उचलून तो कडेच्या नळाकडे गेला.

मी मागे गेलो. तो उकिडवा बसला होता. आधी हाताने सगळं तेल काढलं, मग राखाडी साबण लावून आतून गोल गोल, मग कडांवरून, मग बाहेरून, मग तळ. झाकणाच्या कडेची फट नखाने साफ केली. पाणी निथळून घेतलं, कमरेचा रुमाल काढून हंडी पुसली, रुमालाची चौकोनी घडी घातली आणि ती पुन्हा कमरेला खोचली. घरी पाणी प्यायलेला पेला हा मुलगा टेबलावरून उचलत नसे. त्यावरून मी कितीदा ओरडलो असेन. आता तो एकदाचा शिकला होता आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या पाठीकडे बघताना मला वाटलं, याने हंडी तशीच टाकावी, पाय पसरावेत आणि म्हणावं, बाबा, तुम्ही करा ना.

त्याने हंडी माझ्या हातात दिली. "बाबा."

"काय?"

"आईला सांगू नका."

"काय सांगू नको? झोपलास ते? ते मी केव्हाच..."

"ते नाही." त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली केला. "मला भांडी घासता येतात ते."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं आणि तो पळत रांगेत गेला. या वेळी मी त्याला नीट बघून ठेवलं होतं, तरी दोन पावलांत तो इतरांत मिसळून गेला.

घरी आलो तेव्हा को ताई आणि फान काका युएशियाजवळ बसून वाट बघत होते. सगळं संपलं म्हटल्यावर दोघांनीही एकमेकांकडे विजयाने पाहिलं. युएशियाने हंडी मांडीवर घेतली, उजेडात फिरवून बघितली, कडेवरून बोट फिरवलं.

"इतकी लख्ख?" ती म्हणाली. "ही घासली कोणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी दमलो होतो आणि पँट अजून ओलसर होती.

"मी," मी म्हणालो.

युएशियाचा पाय आता बरा झाला आहे. ती चालते, धावते, पुढच्या क्रीडा दिनासाठी सरावही करते. आमच्या घरची भांडी मी घासतो.